फालतू गप्पांचा धागा: 'घरी सांगितलंस का?' हा विषय इथे बंद

कोथरूडचा_कावळा
मंडळी, आपल्या या गे मंडळींच्या कट्ट्यावरचे गेल्या काही महिन्यांतले धागे वर-खाली करून बघितले. आईला कसं सांगू, स्थळं येतायत काय करू, कोर्टात पुढे काय होणार, तो मेसेज वाचून गप्प का बसतो. सगळं खरं आहे, ते धागे चालूच राहू देत. पण बाकीच्या वेळात आपण काय करतो रे? दळण आणतो, वायफायवाल्याशी भांडतो, कुणाच्या तरी हळदीला कंबर मोडेपर्यंत नाचतो. त्याबद्दल कुणी बोलतच नाही.

म्हणून हा धागा. चार विषय बंद: घरी सांगणं, लग्न, कायदा आणि 'माझा आधीचा'. मोडेल त्याला दंड. दंड म्हणजे एक पाककृती, स्वतःच्या हातची. यूट्यूबची लिंक टाकलीत तर दोन.

सुरुवात माझ्यापासून. आमच्या गॅलरीतल्या ब्रह्मकमळाला कळ्या आल्यात. आज रात्री दोन तरी उमलतील असं दिसतंय.

चहात_बिस्कीट
आमच्या म्हणजे कुणाच्या? पाणी मी घालतो. मावा पडला तेव्हा कडुनिंबाचं तेल मी फवारलं. हा रात्री साडेअकराला उठतो, फोटो काढतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो.

कोथरूडचा_कावळा
त्या फोटोंमुळेच सोसायटीत आपली इभ्रत आहे. खालच्या काकू फूल बघायला मुद्दाम वर येतात आणि जाताना विचारतात, "तुम्ही दोघं मावसभाऊ ना?"

चहात_बिस्कीट
गेल्या वर्षी आतेभाऊ होतो.

पांढरा_रस्सा
भावा, पुढच्या साली साडू व्हा. विषयच संपला.

पानाआड
ब्रह्मकमळाचा विषय निघाला आणि मी गप्प बसलो असं होणार नाही, माफी असावी. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, उत्तराखंडाचं राज्यफूल. ते वेगळंच झाड, सूर्यफुलाच्या कुळातलं. आपल्या गॅलऱ्यांतून रात्री फुलतं ते निवडुंग आहे, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. आपण ज्याला पान म्हणतो ते त्याचं चपटं झालेलं खोड. म्हणूनच 'पान' मातीत खोचलं की झाड उभं राहतं. पावसाळ्यात पाणी कमी घाला, मुळं कुजतात. बिस्कीट, तू बहुतेक जास्त घालतोयस.

चहात_बिस्कीट
तू ये आणि कुंडी बघ. मग बोल.

नागपुरी_संत्रं
काऊन बे, आमच्याकडं सप्टेंबर संपत आला तरी एक कळी नाही. झाड चांगलं डेरेदार आहे. पान मला धरमपेठेतल्या एकानं दिलं होतं, तेव्हा आमचं दोघांचं

कोथरूडचा_कावळा
थांब. 'माझा आधीचा'. कलम चार. दंड.

नागपुरी_संत्रं
अरे मी झाडाबद्दल बोलून राहिलो होतो!

दादरकर_काका
वाक्य अर्धवट सोडलंस म्हणून अर्धा दंड घ्यावा, असं माझं मत. पण पाककृती अर्धी दिलीस तर उपाशी राहू, म्हणून पूर्ण दे.

नागपुरी_संत्रं
घ्या राजेहो. गोळाभात. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा घ्यायचा, बेसन नाही, भरडा. त्यात तिखट, मीठ, हळद, हिंग, ओवा आणि सांबार चिरून. (पुणेकरांनो, आमचा सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. इडलीसोबतचं ओतू नका.) मोहन सढळ हातानं, कडकडीत. घट्ट भिजवून लिंबाएवढे गोळे. भात अर्धा शिजला की गोळे त्यावर ठेवायचे, झाकण, मंद आच. खाताना गोळा भातात कुस्करायचा आणि वरून मोहरी-हिंगाची गरम फोडणी. फोडणीचं तेल मोजायचं नाही. ज्याला मोजायचं असेल त्यानं मुगाची खिचडी करावी.

आणि झाड अजून माझ्याकडंच आहे. एवढंच सांगतो, पुढं बोलत नाही.

ठाण्याची_सेफ्टीपिन
हजर! उशीर झाला, लग्नाचं काम होतं. कलम दोन माझ्यासाठी सैल करा, माझा धंदाच लग्नाचा आहे. नवरीला साडी नेसवून देतो.

कोथरूडचा_कावळा
दुसऱ्यांची लग्नं चालतील.

ठाण्याची_सेफ्टीपिन
मग ऐका. आज मुलीच्या आत्यानं हट्ट धरला, शिवलेली नऊवारी घालायची. चेन लावलेली. आत पाय घातला, चेन ओढली, झाली पेशवीण. मी म्हटलं, आत्या, ही साडी आहे का सलवार?

खरी नऊवारी अंगावर चढताना बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कमरेला पहिली गाठ मारतो ना, तिथेच निम्मं काम झालेलं असतं. ती गाठ सैल राहिली की वरातीत साडी घसरणार. मग निऱ्या, त्या बोटांच्या मापानं, सगळ्या सारख्या. मग काष्टा, मधून मागे नेऊन कमरेत असा खोचायचा की काठ सरळ रेषेत खाली आला पाहिजे. आणि पदर शेवटी, नवरीला एकदा बसवून आणि उभं करून. बसल्यावर काय होतं ते न बघता पिन लावणारा माणूस या धंद्यात टिकत नाही. शिवलेल्या नऊवारीला हे काहीच लागत नाही, म्हणून ती कुणालाच बसत नाही. मागून पोत्यासारखी दिसते.

एडिसनचा_अण्णा
न्यू जर्सीतून शिवलेल्या नऊवारीच्या बाजूनं एक मत. मंडळाच्या कार्यक्रमात पंधरा मिनिटांत सोळा बायका तयार करायच्या असतात. सेफ्टीपिन, तू तिकीट काढून येतोस का?

ठाण्याची_सेफ्टीपिन
व्हिसा दे, येतो. येताना पिना तुझ्याकडच्या घेईन, आमच्याकडच्या हल्ली वाकतात.

दादरकर_काका
नऊवारीचं निघालं म्हणून. माझ्या आजीनं नारायणराव राजहंसांना, म्हणजे बालगंधर्वांना, स्टेजवर पाहिलं होतं. ती सांगायची, नाटकाहून आल्यावर बायका आठवडाभर त्यांच्यासारखा अंबाडा घालायचा प्रयत्न करायच्या. पदर कसा घेतला, नथ किती खाली आली, यावर आळीत चर्चा. घरंदाज बाईनं कसं दिसावं हे त्या काळच्या महाराष्ट्राला एका पुरुषानं शिकवलं. पन्नाशी उलटल्यावरही ते स्त्रीभूमिका करत होते आणि लोक ऐकायला येत होते. उंची साड्या, खरं अत्तर, कंपनी कर्जात बुडाली तरी हौसेत काटकसर नाही. माझ्याकडे त्यांच्या पदांच्या कॅसेटी आहेत. टेपरेकॉर्डर बिघडला की लालबागला एकच माणूस दुरुस्त करतो, तोही माझ्याच वयाचा. दोघांपैकी आधी कोण जातो त्यावर माझं नाट्यसंगीत अवलंबून आहे.

पांढरा_रस्सा
काका, मान राखून सांगतो. आम्ही कोल्हापूरकर. आमच्याकडं केशवराव भोसले.

दादरकर_काका
आलास का. वाटच बघत होतो.

पांढरा_रस्सा
येणारच की! 8 जुलै 1921, मुंबई, संयुक्त मानापमान नाटक. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नाटक कंपन्या एका स्टेजवर. तुमचे बालगंधर्व भामिनी, आमचे केशवराव धैर्यधर. तुम्ही सगळे भामिनीची साडी बघत बसला, गाणं कोण गायलं ते विचारा. आणि केशवराव काय नुसते पुरुषाचं काम करत न्हवते. पोरवयात त्यांची शारदा गाजली होती, 'मूर्तिमंत भीती उभी' म्हणायला लागले की थेटर गप्प. पुढं मिशी लावून उभे राहिले तरी तेवढेच शोभले. त्याच साली ऑक्टोबरात गेले. वय 31. एवढ्यात जे केलं ते लई झालं.

दादरकर_काका
गाणं दोघांचंही गाजलं. कुणाचं जास्त, यावर शंभर वर्षं मारामारी चालू आहे आणि ती मिटावी असं मला अजिबात वाटत नाही. मिटली तर रविवारी करायचं काय?

पांढरा_रस्सा
आणि त्यांच्या नावाचं नाट्यगृह, पॅलेस थिएटर म्हणून 1915 साली उभं राहिलेलं, ते 2024 च्या 8 ऑगस्टला जळालं. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती. त्या रात्री आम्ही बघायला गेलेलो. आमच्यातल्या कितीजणांची पहिली भेट त्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर ठरलेली आहे, नाटकाचं तिकीट हातात धरून. नाटक बघायला आलोय म्हटलं की कोण विचारत नाही. म्हणजे माझी पण पहिली

कोथरूडचा_कावळा
...

पांढरा_रस्सा
पहिली म्हणजे आत्ताचाच की ओ! अजून हाय तो! शेजारी बसून चहा ढोसतोय! कलम चार लागत नाही.

चहात_बिस्कीट
पुरावा म्हणून चहाचा फोटो टाक. दोन कप दिसले पाहिजेत.

पांढरा_रस्सा
(फोटो टाकला आहे. एक कप, एक स्टीलचा पेला. पेला माझा, कपाचा कान त्यानंच मोडला.)

मांडवीकाठ
देव बरें करूं. गोंयच्यान नमस्कार. स्त्रीपार्टाचं वाचून लिहायला बसलो. आमच्या गावच्या देवळात जत्रेला मराठी नाटक असतं, गावचीच पोरं करतात, रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. मी बरीच वर्षं त्यात बाईचं काम करायचो. एकदा 'एकच प्याला'तली सिंधू केली तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या, आणि सरपंचांनी खिशाला पाचशेची नोट लावली. दुसऱ्या दिवशी तेच सरपंच दुकानावर माझ्या चालण्याची नक्कल करून दाखवत होते. रात्रभर टाळ्या, सकाळी टिंगल, मधे फक्त मेकअप उतरवलेला.

नागपुरी_संत्रं
आमच्या घरी बैठकीत बालगंधर्वांचा फोटो. फ्रेमवर दर दिवाळीला हार. आणि मी बहिणीची ओढणी खांद्यावर घेतली की धपाटा.

दादरकर_काका
हे कोणत्या कलमात बसतं रे कावळ्या?

कोथरूडचा_कावळा
कुठल्याच नाही. जाऊ द्या.

मांडवीकाठ
आता मीच एक नियम मोडतो, म्हणजे तुम्हांला दंडात काहीतरी चांगलं खायला मिळेल. कायदा! कायदा! कायदा! झालं. घ्या.

बांगड्याचं हुमण, तिरफळं घालून. ओलं खोबरं, सुकी लाल मिरची, थोडे धणे, हळद आणि चिंच एकदम बारीक वाटायचं. कांदा घालतात कोण कोण, मी नाही घालत. वाटण पातेल्यात घालून उकळी आली की मीठ आणि बांगड्याचे तुकडे. तिरफळं पाण्यात भिजवून, आतलं काळं बी काढून, जरा ठेचून टाकायची. बी राहिलं तर कडू लागतं. फोडणी नाही, वरून कच्चं खोबरेल एक चमचा. आणि त्या दिवशी खाऊ नका. दुसऱ्या दिवशी उकड्या तांदळाच्या भाताबरोबर. हुमण शिळं झाल्यावरच शहाणं होतं.

दादरकर_काका
कायद्याचं नाव निघालंच आहे तर मी एक सांगून घेतो आणि दंड भरतो. 1990 साली 'बॉम्बे दोस्त' सुरू झालं, आपल्या लोकांसाठीचं मासिक, अशोक राव कवींचं. माझ्या हातात अंक पडला तेव्हा मी तो लोकसत्तेच्या आत ठेवून लोकलमध्ये वाचला होता. लोकांना वाटायचं, हा माणूस अग्रलेख फार बारकाईनं वाचतो. त्यात पत्रमैत्रीचं सदर असायचं. आमची ओळख अशी, पोस्टकार्डावर नव्हे, बंद पाकिटात, आठ-आठ दिवस वाट बघून. तुम्ही लोक दोन निळ्या टिकांवर रडता.

एका पत्रमित्रानं मला पहिल्याच पत्रात विचारलं होतं, "गाण्यात आपणांस राम मराठे आवडतात की जितेंद्र अभिषेकी?" मी ओळखलं, हा माणूस कामाचा आहे. बाकीचं कलम चार.

पानाआड
काका, दोन वेळा मोडलंत. कायदा आणि आधीचा.

दादरकर_काका
आधीचा नाही. गेला तो. 2016 साली.

दंड उद्या भरतो. वालाचं बिरडं करणार आहे, वाल आज भिजत घातलेत. उद्या रात्रभर फडक्यात मोड यायला ठेवीन, परवा सोलीन. पाककृती लिहायला तोवर वेळ आहे.

चहात_बिस्कीट
काका, परवा आम्ही दोघं दादरला येतोच आहोत. सोलायला बसू.

दादरकर_काका
ये. कावळ्याला आणू नको, तो सोलता सोलता खातो.

एडिसनचा_अण्णा
इथे फ्रोजन सोललेले वाल मिळतात. तुम्हांला ऐकून बरं वाटणार नाही, पण मिळतात.

ठाण्याची_सेफ्टीपिन
विषय बदलतो. 'सबर बोंडं' पिक्चर कुणी कुणी थेटरात बघितला? 2025 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं तेव्हापासून वाट बघत होतो. त्या महोत्सवात गेलेला पहिला मराठी चित्रपट. मी पहिल्या शनिवारी बघितला, सोबत धंद्यातल्या तीन पोरी होत्या. एकीनं बाहेर आल्यावर विचारलं, "दादा, गावाकडं असं असतं?" मी म्हटलं, दहाव्यापर्यंतचं सुतक असतं ते असंच असतं.

पानाआड
बघितला. दिग्दर्शक कानवडेंनी घाई केली नाही ते फार आवडलं. शेतात दोघं नुसते बसलेत, ते बघायला मला कंटाळा आला नाही. इतर चित्रपटांत आपल्यासारखी माणसं एकतर मरतात नाहीतर विनोद करतात.

आणि हो, सबर बोंडंसुद्धा निवडुंगाचंच फळ. म्हणजे ब्रह्मकमळाचा चुलतभाऊ.

कोथरूडचा_कावळा
मावसभाऊ. काकूंना विचार.

गोदाकाठ_नांदेड
नमस्कार. मी खूप दिवस नुसतं वाचत असतो, आज पहिल्यांदा लिहितोय. मी पण बघितला. आईसोबत.

कोथरूडचा_कावळा
ये ये, बस. पण थांब जरा. आईसोबत बघणं हे कलम एक मध्ये येतं का? मंडळी, मत द्या.

नागपुरी_संत्रं
येतं. दंड.

मांडवीकाठ
कसं येतं? पिक्चर बघितला, सांगितलं कुठं?

ठाण्याची_सेफ्टीपिन
अंधारात शेजारी बसून दोन तास. सांगायचं अजून काय राहिलं? येतं.

पांढरा_रस्सा
पोरगं पहिल्यांदा आलंय, लगेच दंड? आधी विचारा तरी, आई काय म्हणाली.

गोदाकाठ_नांदेड
काहीच नाही म्हणली. इंटरवलला पॉपकॉर्न महाग आहे म्हणली. बाहेर आल्यावर ऑटोत म्हणली, "आम्ही लहानपणी खायचोत ही बोंडं. काट्यानं तोडायची, मातीत घासायची म्हंजे कुसं निघतेत. जीभ लालभडक व्हायची, मग घरी कळायचं कुठं गेल्तो ते." बस एवढंच. मग दूध घ्यायचंय म्हणून ऑटो थांबवायला लावली.

चहात_बिस्कीट
ह्यावर मतदान करणार आहात तुम्ही?

कोथरूडचा_कावळा
नियम म्हणजे नियम. समसमान मतं पडलीत, काका निर्णय देतील.

दादरकर_काका
दंड द्यावा. हा मुलगा काय जेवतो ते कळायला हवं मला.

गोदाकाठ_नांदेड
मला मॅगी येते फक्त. हॉस्टेलला असतो औरंगाबादला, म्हणजे संभाजीनगरला. आईला फोन करून विचारू का?

पांढरा_रस्सा
विचार की. आईच्या हातचं म्हणून धरू.

पानाआड
तोवर कुणाला पान हवंय का ब्रह्मकमळाचं? मी पुण्यात आहे, छाटणी केली आहे. कुरियरनं पाठवताना वर्तमानपत्रात गुंडाळायचं, प्लास्टिकमध्ये घालायचं नाही, घाम सुटून सडतं. तोडल्यावर दोनतीन दिवस सावलीत वाळू द्या, चीक सुकू द्या, मग खोचा. नागपूरकर, तुझं झाड बहुतेक फार सावलीत आहे. सकाळचं ऊन दे.

नागपुरी_संत्रं
नागपूरचं ऊन पाहिलं का तू कधी?

पानाआड
सकाळचं म्हणालो.

एडिसनचा_अण्णा
मला पान हवंय पण कस्टमवाले घेऊ देणार नाहीत. फोटो पाठवा, त्यावर भागवतो. इथे कढीपत्त्याची कुंडी हिवाळ्यात हॉलमध्ये आणून दिव्याखाली ठेवतो. नवरा म्हणतो, माझ्यापेक्षा तिची उस्तवार जास्त होते. (नवरा म्हटलं तर दंड का?)

कोथरूडचा_कावळा
लग्न. कलम दोन. दंड! पण कढीपत्ता जगवलास म्हणून हप्त्यानं भर.

गोदाकाठ_नांदेड
झालं विचारून. येसर. आमच्याकडं लग्नकार्यात असतं. गहू, हरभऱ्याची डाळ, थोडी ज्वारी वेगवेगळी खमंग भाजायची. धणे, जिरे, लवंग, दालचिनी, मिरे, दगडफूल तेलावर भाजायचे. सगळं एकत्र दळून आणायचं. आमटीला कांदा-लसूण-खोबऱ्याची फोडणी, तिखट, पाणी, उकळी आली की येसर पाण्यात कालवून सोडायचं, हलवत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतेत. वर तेलाचा तवंग आला पाहिजे. भाकरी चुरून खायची.

आई म्हणली, "अचानक कसं काय आठवलं? कुणासाठी करायलास?" पुढचं सांगितलं तर अजून दंड होईल का?

चहात_बिस्कीट
सांग. दंड माझ्या नावावर.

गोदाकाठ_नांदेड
मी म्हणलं, मित्रांसाठी. तर म्हणली, किती जण आहेत? मी म्हणलं, बरेच आहेत, दादरला एक काका पण आहेत. तर म्हणली, मग डाळ जरा जास्त घे, अन् काकाला तिखट चालतं का विचारून घे आधी.

दादरकर_काका
चालतं म्हणावं. पण लवंग बेतानं, मूळव्याध आहे.

नागपुरी_संत्रं
सगळं ठीक आहे, पण गहू किती अन् डाळ किती ते कोण सांगल? मापं कुठं आहेत?

गोदाकाठ_नांदेड
विचारलं होतं. "अंदाजानं" म्हणली.

कोथरूडचा_कावळा
दंड अपुरा. परत फोन लाव.

चहात_बिस्कीट
कावळ्या, फोन राहू दे, आधी गॅलरीत ये. पहिली कळी उघडतेय आणि तू कॅमेरा चार्जिंगला लावलेला नाहीस.